कालिन्यातली तेरा वर्षं

होमी भाभा हे नाव पालघर जिल्ह्याला विजेमुळे माहीत आहे. बोईसरहून समुद्राकडे निघालं, की पास्थळ, कुरगाव मागे टाकत रस्ता तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या दिशेनं जातो. अक्करपट्टी आणि पोफरण या गावांची नावं आता पुनर्वसनाच्या संदर्भातच जास्त घेतली जातात. देशातल्या या पहिल्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यावसायिकदृष्ट्या सुरू झाल्या. त्या पाहायला भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लां शिखरावरच्या विमान अपघातात ते गेले होते.

त्यांच्या नावाशी अणुभट्टी इतकी घट्ट बांधली गेली, की मुळात ते कशाचे अभ्यासक होते हे मागेच पडलं. भाभा मूलकणांचे भौतिकशास्त्रज्ञ होते. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांजवळ आले, की ते कोणत्या दिशेला किती प्रमाणात विखुरतील, याचं गणित त्यांनी १९३० च्या दशकात केंब्रिजमध्ये मांडलं. त्याला जगभर ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणतात. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची टक्कर घडवणारं यंत्र जगात कुठंही उभं राहिलं, तरी त्यात दर सेकंदाला किती टकरी होण्याजोगी परिस्थिती आहे, हे मोजायला आजही भाभांचंच सूत्र लागतं.

मूलकणांचा विषय पालघरला परका नाही, हे सांगायला आणखी एक हिशेब पुरेसा आहे. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीची क्षमता प्रत्येकी ५४० मेगावॅट. एक युरेनियम अणुकेंद्र फुटलं, की त्याचे तुकडे स्थिर होईपर्यंत सरासरी सहा प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. त्या मापानं पूर्ण क्षमतेवर चालणारी अशी एक भट्टी दर सेकंदाला सुमारे तीनवर वीस शून्यं इतके प्रतिन्यूट्रिनो चहूबाजूंना सोडते. त्यांना काँक्रीट अडवत नाही, शिसं अडवत नाही, जमीनही नाही. दोन्ही भट्ट्या चालू असताना बोईसरच्या बाजारात भाजी घेणाऱ्या बाईच्या तळहाताच्या एकेका चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला काही कोटी प्रतिन्यूट्रिनो आरपार जातात. त्यांचा कसलाही अपाय नाही. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो त्याच जागेतून सेकंदाला सहा हजार कोटींच्या वर जातात आणि आपण त्यातच जन्मतो, वाढतो. पाउलींनी १९३० मध्ये केवळ तर्कानं मांडलेला हा कण १९५६ मध्ये प्रत्यक्ष टिपला गेला, तोही अमेरिकेत सवाना नदीकाठच्या एका अणुभट्टीशेजारीच. टिपणाऱ्या राइनेस आणि कोवान यांच्यापैकी राइनेस यांना त्यासाठी १९९५ मध्ये नोबेल मिळालं.

म्हणजे मूलकण तारापूरच्या दारातून रोज बाहेर पडतात. त्यांचं शास्त्र मात्र इथल्या मुलांपर्यंत कुठल्या वाटेनं पोचतं? आपला जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. पालघर, बोईसर, डहाणूच्या महाविद्यालयांतल्या टीवायबीएस्सीच्या मुलामुलींची पदवी कालिन्याच्या विद्यापीठाची असते आणि भौतिकशास्त्रात पुढं शिकायचं म्हटलं, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढं पहिलं नाव कालिन्याचंच येतं. याच कालिन्याच्या भौतिकशास्त्र विभागात १९८२ ते १९९५ अशी तेरा वर्षं एक मूलकणशास्त्रज्ञ एमएस्सीच्या वर्गाला शिकवत होत्या: आधी लेक्चरर, मग रीडर. त्या रोहिणी गोडबोले. पुढं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापक, पद्मश्री, देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींच्या सदस्य अशी त्यांची ओळख झाली आणि त्या ओळखीखाली ही तेरा वर्षं झाकली गेली. त्यांच्यावरच्या बहुतेक लेखांत ती एका ओळीत संपतात. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातून आपल्यासारख्या जिल्ह्यानं समजून घ्यावं असं जे काही आहे, ते मुख्यतः त्या एका ओळीतच आहे.

रोहिणी गोडबोले यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९५२ चा, पुण्याचा. शाळा हुजूरपागा. १८८४ मध्ये सुरू झालेल्या या शाळेनं महाराष्ट्रातल्या मुलींच्या कित्येक पिढ्या घडवल्या, इरावती कर्वे तिथल्याच. पण गोडबोले शिकत होत्या तेव्हा तिथं सातवीपर्यंत मुलींना शास्त्राऐवजी गृहशास्त्र असे. सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला मात्र शास्त्र लागायचं. तेव्हा त्यांनी ते शाळेच्या वेळापत्रकाबाहेर शिकून घेतलं आणि शिष्यवृत्ती मिळवली. अशी शिष्यवृत्ती मिळवणारी ती त्या शाळेतली पहिली मुलगी. हुशारीचा दाखला म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. मला त्यात दुसरंच दिसतं. एखादा विषय कुणाला शिकवायचा नाही, हे आधी कुणीतरी ठरवतं आणि मग त्या विषयात ती माणसं कमी का, याचं नवल करतं. पन्नास-साठच्या दशकात हे मुलींच्या बाबतीत घडत होतं. गावाकडच्या महाविद्यालयात मूलकणशास्त्राच्या बाबतीत ते आजही घडतं.

पुढं सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून १९७२ मध्ये बीएस्सी. एसपी आणि पालघर यांचं एक जुनं नातं आहे. एसपीचे प्राचार्य राहिलेले शं. वा. तथा सोनोपंत दांडेकर हे केळवे-माहीमचे. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, वारकरी, ज्ञानेश्वरीचे संपादक. पालघरच्या महाविद्यालयाला त्यांचंच नाव आहे. आजन्म अध्यापक राहिलेल्या माणसाचं नाव आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयावर लागलेलं आहे, हे मला फार मोलाचं वाटतं, कारण या लेखाचा विषयही शेवटी शिकवणं हाच आहे.

एसपीनंतर पवईच्या आयआयटीतून १९७४ मध्ये एमएस्सी आणि लगेच अमेरिका. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाचं स्टोनी ब्रूक हे केंद्र लाँग आयलंडवर आहे. त्या वेळेला तोड नव्हती. ११ नोव्हेंबर १९७४ रोजी जे-साय या नव्या कणाचा शोध जाहीर झाला. दोन तुकड्यांनी तो स्वतंत्रपणे लावला होता. एक कॅलिफोर्नियातली आणि दुसरी ब्रुकहेवनची, म्हणजे स्टोनी ब्रूकच्या त्याच बेटावरची. या कणानं चार्म नावाचा चौथा क्वार्क खरा ठरवला. तोवर ‘क्वार्क’ ही गणिताची सोय आहे की खरी वस्तू, यावर वाद चालू होता. त्या शरद ऋतूनंतर तो जवळपास मिटला. एकवीस वर्षांची मुलगी पीएचडीला पोचते आणि काही आठवड्यांत तिच्या विषयाची जमीनच हलते. गोडबोले पुढं आयुष्यभर जड क्वार्क आणि टक्करयंत्रांतून निघणाऱ्या कणांमागे राहिल्या. त्याचं बीज तिथलं असावं असा माझा अंदाज आहे.

१९७९ मध्ये पीएचडी झाली. त्या काळी अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेल्यांची पुढची पायरी तिकडचीच एखादी संशोधनवृत्ती असे. गोडबोले भारतात परतल्या. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, त्या तीन वर्षं व्हिजिटिंग फेलो होत्या. आणि १९८२ मध्ये त्या मुंबई विद्यापीठात रुजू झाल्या.

कुलाबा ते कालिना हे अंतर किलोमीटरमध्ये फार नाही. भारतीय विज्ञानाच्या व्यवस्थेत मात्र ते फार मोठं आहे आणि त्याचा इतिहास तारापूरच्या इतिहासातच गुंतलेला आहे. भाभांनी मार्च १९४४ मध्ये दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी स्वतंत्र संस्था मागितली. काही दशकांनी अणुऊर्जा वापरायची वेळ येईल, तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागणार नाहीत, ते इथंच तयार असतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९४५ मध्ये टीआयएफआर उभी राहिली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग आला, १९५४ मध्ये ट्रॉम्बे. तारापूर या साखळीची पुढची कडी. भाभांचं भाकीत खरं झालं आणि बोईसरच्या वसाहती त्याच माणसांनी भरल्या.

याला त्या काळी मोठा विरोध झाला होता. विरोध करणारे होते मेघनाद साहा. अणुविज्ञानाचं संशोधन विद्यापीठांतच वाढावं, वेगळ्या बंदिस्त संस्थांत नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. आधी विद्यापीठातून माणसं तयार करा, मग आयोग काढा, असं ते सांगत होते. त्यांचं ऐकलं गेलं नाही. घडलं असं, की पैसा, ग्रंथालयं, संगणक, परदेशी पाहुणे आणि संशोधक संस्थांकडे गेले, तर विद्यार्थी, परीक्षा आणि पेपर तपासणं विद्यापीठाकडे राहिलं. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचा स्वतःचा भौतिकशास्त्र विभागही शंभरावर वर्षं उलटून गेल्यावरच उभा राहिला. तोवर पदव्युत्तर भौतिकशास्त्र मुख्यतः महाविद्यालयांच्या आणि रॉयल इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांच्या आधारावर चालत होतं.

भाभांची दूरदृष्टी मला मान्य आहे. तारापूरच्या भट्ट्या चालवणाऱ्या अभियंत्यांबद्दल मला आदर आहे. तरीही या एका मुद्द्यावर साहा बरोबर होते असं माझं ठाम मत आहे. जिथं नवं ज्ञान तयार होतं तिथं बीएस्सी-एमएस्सीची मुलं नाहीत, आणि जिथं मुलं आहेत तिथं ज्ञान तयार होत नाही, ही वाटणी देशानं स्वतःहून स्वीकारली. त्याची किंमत मोठ्या शहरातल्या मुलांनी कमी भरली, कारण त्यांच्या शहरात दोन्ही होतं. ती भरली पालघरसारख्या ठिकाणच्या मुलांनी.

अशा विद्यापीठात गोडबोले गेल्या आणि तेरा वर्षं राहिल्या. तो काळ आठवायचा तर काही गोष्टी मनात आणाव्या लागतील. इंटरनेट नव्हतं. नवा शोधनिबंध छापून येण्याआधी त्याच्या प्रती टपालानं संस्थांना पाठवल्या जात. त्यांना प्रीप्रिंट म्हणत. मूलकणशास्त्र इतकं वेगानं चालायचं, की नियतकालिकात निबंध वाचायला मिळेपर्यंत तो जुना झालेला असे. हे प्रीप्रिंट येत ते टीआयएफआरसारख्या संस्थांच्या ग्रंथालयात. ते सगळ्या जगाला एकदमच खुले करणारं संगणकी भांडार ऑगस्ट १९९१ मध्ये सुरू झालं, म्हणजे गोडबोले यांची कालिन्यातली नऊ वर्षं त्याआधीची. विद्यापीठातल्या लेक्चररला तास घ्यायचे, प्रश्नपत्रिका काढायच्या, उत्तरपत्रिका तपासायच्या, आणि उरलेल्या वेळात अमेरिका-युरोपातल्या पूर्णवेळ संशोधकांच्या बरोबरीनं चालायचं.

आणि त्या चालल्या. रुजू झाल्यानंतर वर्षभरातच, १९८३ मध्ये, ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये त्यांचा एक निबंध आला. सहलेखक होते हवाई विद्यापीठातले संदीप पाकवासा आणि टीआयएफआरचे डी. पी. रॉय. विषय होता टॉप क्वार्क. सहा क्वार्कांपैकी पाच सापडले होते. सहावा असणार हे सगळ्यांनी धरलं होतं, पण तो किती जड आहे आणि कुठं शोधायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सर्नच्या प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन टक्करयंत्रात त्याच वर्षी डब्ल्यू आणि झेड कण सापडले होते आणि त्याच यंत्रात टॉप दिसेल अशी आशा होती.

अडचण अशी, की अशा टकरीतून शेकडो कण बाहेर पडतात. टॉप क्वार्क जन्मताच विघटित होतो आणि कधीकधी त्यातून एक इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन निघतो. पण चार्म आणि बॉटम या हलक्या क्वार्कांतूनही इलेक्ट्रॉन-म्यूऑन निघतात, आणि तेही फार मोठ्या संख्येनं. मग हा टॉपचा आणि हा बॉटमचा, हे ओळखायचं कसं? संध्याकाळी बोईसरच्या फलाटावर लोकल रिकामी होते तेव्हा माणसं घोळक्याघोळक्यानं जिन्याकडे जातात, त्यात कुणी एखादाच सगळ्या घोळक्यांपासून लांब, मोकळ्या जागेतून चालत असतो. गोडबोले, पाकवासा आणि रॉय यांनी दाखवून दिलं, की टॉपचा इलेक्ट्रॉन असा एकटा चालणारा असतो. बॉटम हलका असल्यामुळे त्याचे सगळे तुकडे एकाच दिशेला झोतात निघतात आणि त्याचा इलेक्ट्रॉन त्या झोताला चिकटूनच सापडतो. टॉप जड असल्यामुळे त्याचे तुकडे दूरदूर फेकले जातात. तेव्हा झोतापासून अलग पडलेला इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन शोधा, टॉपचा माग लागेल.

सांगताना हे सोपं वाटतं. चांगली कल्पना एकदा सुचल्यावर सोपीच वाटते. १९८४ मध्ये सर्नमधल्या एका प्रयोगगटानं टॉप सापडल्याचे संकेत जाहीर केले. ते टिकले नाहीत. खरा टॉप त्या यंत्राच्या आवाक्याबाहेर होता, इतका तो जड निघाला. त्या एका मूलकणाचं वस्तुमान टंगस्टनच्या अख्ख्या अणूइतकं आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या फर्मिलॅबमध्ये दोन प्रयोगगटांनी तो सापडल्याचं जाहीर केलं, आणि पुराव्यात अलग पडलेल्या इलेक्ट्रॉन-म्यूऑनचा वाटा मोठा होता. गोडबोले यांनी विद्यापीठ सोडलं तेही १९९५ मध्येच. त्यांचं कालिन्यातलं जवळपास सगळं वास्तव्य टॉपच्या शोधाच्या काळातलं आहे.

त्या दोन गटांपैकी एकात, डी-झीरोमध्ये, भारतातून टीआयएफआरबरोबर दिल्ली विद्यापीठ आणि चंडीगडचं पंजाब विद्यापीठ होतं. पुढं सर्नच्या मोठ्या यंत्रावर ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कण जाहीर झाला, तेव्हा सीएमएस या प्रयोगातही ही दोन विद्यापीठं होती. सर्नच्याच अ‍ॅलिस प्रयोगात जम्मू आणि राजस्थान विद्यापीठांनी काम केलं आहे. यादीत केंद्रीय विद्यापीठ आहे, राज्य विद्यापीठंही आहेत. म्हणजे विद्यापीठात मूलकणशास्त्र चालू शकत नाही, हे म्हणणं खरं नाही. जिथं दोन-चार माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चिवटपणे विभाग बांधला, तिथं ते चाललं आहे.

कालिन्यातलं दुसरं मोठं काम १९९१ चं. सहलेखक जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानुएल ड्रेस. इथं आपण पुन्हा भाभांच्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनकडे येतो. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर प्रोटॉनांच्या टकरीपेक्षा स्वच्छ असते, कारण प्रोटॉन हा स्वतःच क्वार्क आणि ग्लुऑनांचा गोळा आहे आणि इलेक्ट्रॉनला आतले भाग नाहीत. म्हणून पुढच्या पिढीची यंत्रं सरळ रेषेतली इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रं असावीत, असं जगभर ठरत होतं. त्यांत टकरीसाठी सोडलेले कणांचे झोत अतिशय बारीक आणि दाट करावे लागतात, नाहीतर पुरेशा टकरीच होत नाहीत.

ड्रेस आणि गोडबोले यांनी या स्वच्छतेवरच बोट ठेवलं. इतके दाट झोत एकमेकांत शिरले, की एकाच्या विद्युतचुंबकी क्षेत्रामुळे दुसऱ्यातले कण वळतात आणि वळताना फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, फेकतात. आता फोटॉन हा साधा, निरवयव कण म्हणून आपण शिकतो. पण जास्त ऊर्जेच्या फोटॉनला क्षणभर क्वार्क-ग्लुऑनांचं रूप धारण करता येतं. अशा दोन फोटॉनांची टक्कर झाली, तर दोन प्रोटॉनांच्या टकरीसारखाच कणांचा पसारा बाहेर येतो. त्यांनी हिशेब करून दाखवलं, की काही नियोजित यंत्रांत हा पसारा इतका होईल, की ज्या स्वच्छतेसाठी यंत्र बांधायचं तीच उरणार नाही. याला पुढं ‘ड्रेस-गोडबोले परिणाम’ हे नाव मिळालं. तेव्हापासून अशा यंत्राचा आराखडा करणाऱ्यांना झोतांचा आकार ठरवताना या पार्श्वभूमीचा हिशेब घ्यावा लागतो. अशा यंत्रांच्या शोधक-उपकरणांवर सल्ला देणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटावर गोडबोले पुढं होत्या.

हा निबंध मुंबई विद्यापीठाच्या पत्त्यावरचा आहे. जगातल्या सगळ्यात महागड्या यंत्रांपैकी एकाचा आराखडा बदलायला लावणारं गणित आपल्या विद्यापीठातल्या रीडरनं केलं. त्या वर्षी त्याच विद्यापीठाच्या परीक्षेला पालघर, डहाणू, वाडा, जव्हारची मुलं बसली होती. त्यांच्यापैकी किती जणांच्या कानावर हे गेलं असेल? आजही टीवायच्या अणुभौतिकीच्या पेपरात बीटा ऱ्हासाची हरवलेली ऊर्जा घेऊन जाणारा न्यूट्रिनो दोन-चार वाक्यांत येतो आणि जातो. तो मागच्या खाडीपलीकडच्या भट्टीतून आत्ता या भिंतीतून जातो आहे, हे वर्गात सांगणारा शिक्षक हवा. तसं सांगायला शिक्षकाचंही त्या विषयाशी जिवंत नातं हवं.

गोडबोले यांनी हे नातं इतरांसाठीही तयार केलं. भारतातल्या मूलकण-सिद्धांतकारांनी १९८९ पासून दर दोनएक वर्षांनी एकत्र राहून काम करायची एक कार्यशाळा सुरू केली. ‘व्हेप’ या नावानं ती ओळखली जाते. ती उभी करणाऱ्यांत त्या होत्या. तिथं भाषणं कमी असतात आणि छोट्या गटांत बसून नवे प्रश्न सोडवण्याला वेळ जास्त. विद्यापीठात एकट्यानं काम करणाऱ्याला अशा पंधरवड्याची किंमत किती असेल, हे विद्यापीठात एकट्यानं काम केलेल्या बाईला चांगलं कळत असणार. सैद्धांतिक भौतिकीच्या विद्यार्थ्यांसाठी देशभर भरणाऱ्या सर्क शाळांतही त्यांनी शिकवलं. ड्रेस आणि टीआयएफआरचे प्रबीर रॉय यांच्याबरोबर महासममितीवर, म्हणजे सुपरसिमेट्रीवर, लिहिलेलं त्यांचं पाठ्यपुस्तक २००४ मध्ये आलं. संशोधनाच्या उंबरठ्यावरच्या विद्यार्थ्याला हाताला धरून आत नेणारं ते पुस्तक आहे.

१९९५ मध्ये त्या बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या आणि अखेरपर्यंत तिथल्याच राहिल्या. टॉप क्वार्कचं ध्रुवण, हिग्जचे गुणधर्म यांवर तिथं त्यांनी पुष्कळ काम केलं. त्याचं मोठेपण कमी करायचं नाही, पण ते सर्वश्रुत आहे. याच संस्थेत १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बीएस्सी, कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, प्रवेश मागायला गेली होती. ती मुलगी आहे म्हणून सी. व्ही. रामन यांनी आधी नकार दिला आणि मग अटी घालून घेतलं. २००८ मध्ये गोडबोले आणि राम रामस्वामी यांनी ‘लीलावतीज डॉटर्स’ हे पुस्तक संपादित केलं. त्यात सुमारे शंभर भारतीय स्त्री शास्त्रज्ञांच्या आयुष्यांबद्दल वाचायला मिळतं. बऱ्याच जणींनी आपलं आपणच लिहिलं आहे. सोहोनींचं नाव त्या परंपरेत येतं आणि स्वतः गोडबोलेही.

२०१० मध्ये भारतीय विज्ञान अकादमी आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेनं मिळून केलेल्या एका पाहणीत गोडबोले सहलेखिका होत्या. डॉक्टरेट मिळवूनही विज्ञानाबाहेर गेलेल्या स्त्रियांना त्यात कारणं विचारली होती. घरसंसारामुळे बायका विज्ञान सोडतात, हा आपला सगळ्यांचा लाडका समज. योग्य नोकरीच मिळाली नाही, हे उत्तर त्यात ठळकपणे पुढं आलं. डहाणू लोकलच्या बायकांच्या डब्यात सकाळी पुस्तक मांडीवर घेऊन बसलेल्या मुली पाहिल्या, की मला ही पाहणी आठवते. बोईसरच्या केमिस्ट्रीवाल्या मुलीला एमआयडीसीत क्यूसीच्या प्रयोगशाळेत काम मिळू शकतं. फिजिक्सवाल्या मुलीपुढं बीएड, बँकेच्या परीक्षा नाहीतर शिकवण्या. तिनं विषय सोडला, तर घरातल्यांना बोल लावण्याआधी नोकऱ्यांची यादी पाहावी.

लोकल डहाणूपर्यंत आली २०१३ मध्ये. गोडबोले कालिन्यात शिकवत होत्या तेव्हा ती विरारलाच थांबायची आणि पुढं शटल किंवा पॅसेंजर. बोईसरच्या मुलाला सांताक्रूझ गाठून कालिन्याला पोचायचं म्हणजे अर्धा दिवस प्रवासात. आजही एका बाजूचे दोन-अडीच तास सहज जातात. रोज इतका प्रवास करून क्वांटम मेकॅनिक्स पचवणं कठीण आहे, आणि मुंबईत खोली घेऊन राहणं परवडणारं नाही. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाला, मुख्यालय आलं, कार्यालयं आली. पदव्युत्तर भौतिकशास्त्राचा संशोधन करणारा विभाग जिल्ह्यात असावा, ही मागणी मात्र कुठल्या मोर्चात ऐकू येत नाही. अणुवीज केंद्र, भाभा अणुसंशोधन केंद्राचे इथले प्रकल्प आणि त्यांतली शिकलेली माणसं हाताशी असताना ती मागणी जगात दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला इतकी शोभली नसती. ट्रॉम्बेच्या ध्रुव भट्टीशेजारी प्रतिन्यूट्रिनो टिपायचा प्रयोग भाभा केंद्रानं हाती घेतला आहे. तारापूरच्या भट्ट्या ध्रुवपेक्षा कितीतरी जास्त शक्तीच्या आहेत. अशा उपकरणाभोवती जिल्ह्यातले पाच-सहा शिक्षक आणि वीस-पंचवीस विद्यार्थी बांधता आले, तर साहांनी मागितलेली गोष्ट भाभांच्याच अंगणात होईल. परवानग्या अवघड आहेत, सुरक्षा आहे, हे मला मान्य आहे. पण कुणी मागितल्याशिवाय नकारसुद्धा मिळत नाही.

रोहिणी गोडबोले २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात गेल्या. २०१९ मध्ये पद्मश्री आणि २०२१ मध्ये फ्रान्सचा राष्ट्रीय सन्मान त्यांना मिळाला होता. श्रद्धांजलीच्या लेखांत सहकाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी शोधांइतकंच लिहिलं ते त्यांच्या वेळ देण्याबद्दल: अनोळखी मुलीच्या पत्राला उत्तर, परिषदेत कोपऱ्यात बसलेल्याला नाव विचारणं.

जिल्ह्यात संशोधन करणारा विभाग येईल तेव्हा येईल. तोवर एक वाट उघडी आहे आणि ती आपल्याकडे पुरेशी माहीत नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधनवृत्ती देतात. निवड झाली, की दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर त्याच्या संस्थेत काम करता येतं, आणि त्यासाठी विद्यावेतन मिळतं. बीएस्सी-एमएस्सीचे विद्यार्थी अर्ज करू शकतात आणि महाविद्यालयातले शिक्षकही करू शकतात. अर्ज उन्हाळ्याच्या काही महिने आधीच मागवले जातात. आपल्याला काय करायचं आहे यावर थोडं लिहून द्यावं लागतं आणि शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. ते पत्र आपल्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या सरांकडे किंवा मॅडमकडे आताच मागावं, आणि त्यांनाही विचारावं, की तुम्ही स्वतः अर्ज करताय का.